हिममानवाची टोपी, रुपेरी झोपडी आणि एक शाळा

ट्रेकला निघताना मोठी सॅक कोणी उचलायची यावरून आपल्या ग्रुपमध्ये हमखास वाद होतो. शेवटी ज्याच्या गळ्यात ती पडते, त्याला सगळे दिवसभर "ए शेर्पा!" म्हणून हाका मारतात. २०२३ मध्ये दिल्लीत जी-२० परिषद झाली, तेव्हाही पेपरात 'भारताचे शेर्पा' असा शब्द सारखा यायचा. म्हणजे ओझं वाहणारा तो शेर्पा, आणि शिखर परिषदेची वाट तयार करणारा अधिकारीही शेर्पाच! फर्स्ट इयरच्या एका ज्युनिअरने तर मला सरळ विचारलं, "दादा, शेर्पा ही पोस्ट असते का?"

पोस्ट नाही मित्रांनो, ती एक जमात आहे. तिबेटी भाषेत 'शार' म्हणजे पूर्व आणि 'पा' म्हणजे लोक. साधारण पाचशे वर्षांपूर्वी तिबेटच्या पूर्वेकडच्या खाम भागातून निघून हे लोक उंच खिंडी ओलांडत नेपाळच्या खुंबू भागात येऊन राहिले. खुमजुंग, खुंदे, थामे, पांगबोचे ही त्यांची गावं. बटाटा आणि सातूची शेती, याक, आणि तिबेटातून मीठ आणून त्याबदल्यात धान्य नेण्याचा व्यापार, यावर त्यांचं चालायचं. मुलाचं नाव बरेचदा जन्मवारावरून ठेवतात. दावा म्हणजे सोमवारचा, पासांग म्हणजे शुक्रवारचा. आपल्याकडच्या मंगळ्या आणि बुधाजीसारखंच की!

या लोकांच्या दारात १९६० साली एक वैज्ञानिक मोहीम येऊन धडकली. मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. मोहिमेतल्या उपकरणांबद्दल वाचायला म्हणून सुरुवात केली आणि वाचता वाचता भलत्याच प्रश्नात अडकलो. मोहीम त्या लोकांकडे काय मागायला गेली होती, आणि त्या लोकांना मोहिमेकडून काय हवं होतं?

मोहीम कशासाठी?

मोहिमेचे नेते होते एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी आणि वैज्ञानिक बाजूचे प्रमुख होते शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू. हे प्यू १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होते. गिर्यारोहकाने पाणी किती प्यावं, ऑक्सिजन किती घ्यावा याचं गणित त्यांनीच मांडलेलं. पैसा आला शिकागोच्या 'वर्ल्ड बुक' विश्वकोशाच्या प्रकाशकांकडून. कामं तीन होती. पहिलं, हिममानव म्हणजे यती खरंच आहे का ते शोधायचं. दुसरं, अख्खा हिवाळा ५,८०० मीटरवर काढून शरीराचं काय होतं ते मोजायचं. आणि तिसरं, त्यानंतर सुमारे ८,४८० मीटर उंचीचं मकालू शिखर ऑक्सिजनची नळकांडी न वापरता चढायचं.

अंदाज यावा म्हणून सांगतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे ही मंडळी साडेतीन कळसूबाई एकावर एक ठेवून त्यावर घर बांधणार होती.

हिममानवाची टोपी

आधी यती. खुमजुंगच्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, एक उंच टोकदार, लालसर केसाळ टोपीसारखी वस्तू होती. ही यतीच्या डोक्याची कातडी आहे अशी गावाची श्रद्धा. मोहिमेला ती तपासायला परदेशी न्यायची होती. गावाने साफ नकार दिला नाही, पण मुकाट हातातही दिली नाही. सहा आठवड्यांत ती परत आली पाहिजे, आणि गावातला एक वडीलधारा माणूस तिच्यासोबत जाईल, असं ठरलं. खुंजो चुंबी नावाचे गावचे मुखिया ती घेऊन शिकागो, पॅरिस, लंडन फिरून आले. ज्या गावात चाकाची गाडी नव्हती, तिथला माणूस थेट विमानाने निघाला!

शास्त्रज्ञांनी निकाल दिला, की ही यतीची कातडी नाही. सेरो नावाचा, बकरी आणि हरिण यांच्या मधला वाटावा असा एक हिमालयातला प्राणी असतो. त्याची कातडी ताणून तिला टोपीचा आकार दिलेला होता. टोपी गावाला परत मिळाली आणि आजही ती गोम्पातच आहे. निकाल बरोबरच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण 'ही कातडी कोणाची?' हा प्रश्न पाहुण्यांचा होता. गावकऱ्यांचे प्रश्न वेगळेच होते. त्याकडे येतोच.

रुपेरी झोपडी

१९६० च्या हिवाळ्यात आमा दब्लम शिखराजवळच्या हिमनदीवर प्लायवूडच्या तुकड्यांची एक नळकांडी आकाराची झोपडी उभी राहिली. बाहेरून चंदेरी रंग, म्हणून नाव 'सिल्व्हर हट'. आत रॉकेलची शेगडी, बंक, आणि एका बाजूला चक्क व्यायामाची सायकल. हे सगळं सामान वर आलं ते शेर्पा आणि इतर हमालांच्या पाठीवरून.

सायकल कशाला? शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं हे मोजायला. इथे थोडं फिजिक्स करू. फार लांबण लावत नाही, व्हायवाला विचारलं तर उपयोगी पडेल.

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण खाली आणि वर सारखंच, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो दाब. शिवाय श्वास आत गेला की त्यात पाण्याची वाफ मिसळते आणि ३७ अंश सेल्सिअसला त्या वाफेचा दाब असतो पाऱ्याचे ४७ मिलिमीटर. कुठेही जा, ही वजाबाकी ठरलेली. मग श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब असा निघतो :

समुद्रसपाटी : (७६० − ४७) × ०.२१ = सुमारे १५०
सिल्व्हर हट : (३८० − ४७) × ०.२१ = सुमारे ७०
एव्हरेस्ट शिखर : (२५३ − ४७) × ०.२१ = सुमारे ४३

यातला २५३ हा आकडा प्रत्यक्ष शिखरावर मोजलेला आहे. सिल्व्हर हटमधलेच एक तरुण डॉक्टर जॉन वेस्ट यांनी पुढे १९८१ मध्ये एव्हरेस्टवर वैद्यकीय मोहीम नेली, त्या वेळचा. गंमत म्हणजे आपण विमानांसाठी वापरतो त्या 'स्टँडर्ड ॲटमॉस्फिअर'च्या तक्त्यातून त्या उंचीला उत्तर येतं साधारण २३६. वरच्या हिशेबात २३६ घालून पाहा, ४३ ऐवजी ४० च्याही खाली जाल. एव्हरेस्ट विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहे आणि तिथे वातावरणाचा थर जाड असतो, म्हणून दाब थोडा जास्त मिळतो. त्या सतरा मिलिमीटरच्या जोरावरच माणूस नळकांड्याशिवाय तिथे कसाबसा पोचतो. तक्ता खोटा नसतो, पण तो कुठल्या जागेसाठी काढलाय ते बघावं लागतं.

झोपडीत ऊब होती, खायला भरपूर होतं, कामही बेताचं. तरी मंडळींची भूक गेली आणि वजन दर आठवड्याला अर्धा ते दीड किलो घटत राहिलं. रक्त दाट झालं. हिमोग्लोबिन १९ च्या पलीकडे गेलं. प्यूंच्या तुकडीने निष्कर्ष काढला, की माणूस ५,८०० मीटरला काही महिने तग धरतो, पण तिथे कायमचा राहू शकत नाही.

आता शेर्पांकडे बघा. त्यांची कायमची गावं ३,४०० ते ४,००० मीटरच्या पट्ट्यात आहेत. उन्हाळ्यात याक चारायला ते ५,००० पर्यंत जातात आणि थंडी आली की खाली उतरतात. ५,८०० ला घर बांधायची कल्पना त्यांच्यापैकी कोणालाही सुचली नव्हती! पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून आलेली ही मर्यादा प्रयोगशाळेने आकड्यांत मांडली, एवढंच.

अनवाणी आलेला पाहुणा

त्याच हिवाळ्यात, डिसेंबरमध्ये, मोहिमेच्या तळावर मान बहादूर नावाचा एक नेपाळी यात्रेकरू येऊन पोचला. हा शेर्पा नव्हता, आणखी खालच्या भागातला होता. पायात काही नाही, अंगावर साधेच कपडे. ४,६०० ते ५,३०० मीटरच्या दरम्यान तो चार दिवस उघड्यावर राहिला. रात्री तापमान उणे १३ ते उणे १५. त्याला ना हिमदंश झाला, ना शरीराचं तापमान धोक्याइतकं उतरलं. प्यूंनी त्याचं निरीक्षण केलं आणि १९६३ मध्ये शोधनिबंध लिहिला. हा माणूस हलक्या थरथरीने चयापचय वाढवून ऊब टिकवत होता, आणि तेवढी थरथर चालू असतानाही झोपू शकत होता. प्रयोग आखून असं उदाहरण मिळालं नसतं. ते आपल्या पायांनी चालत आलं.

मकालू

१३ मार्च १९६१ ला मोहिमेतल्या चौघांनी आमा दब्लमवर पहिली यशस्वी चढाई केली. फक्त नेपाळ सरकारची परवानगी घ्यायची राहिली होती! सरकार भडकलं, हिलरींना काठमांडूला जाऊन समजूत काढावी लागली, दंड भरावा लागला. दुसऱ्याच्या घरात किती मोकळेपणाने वावरायचं, याचा हाही एक धडा.

मग मकालू. हिवाळाभर उंचीवर राहून शरीर तयार झालं असेल असा हिशेब होता. ७,४०० मीटरच्या वर खिंडीत सायकल नेऊन वेस्ट आणि मायकेल वॉर्ड यांनी मोजमापंही घेतली. पण चढाई फसली. हिलरींना वाटेतच मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा त्रास झाला आणि त्यांना खाली उतरावं लागलं. पीटर मलग्रू शिखराच्या अगदी जवळ कोसळले, त्यांच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती. साथीदार आणि शेर्पांनी त्यांना खाली आणलं म्हणून जीव वाचला, पण हिमदंशाने दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. उंचीवर जास्त दिवस राहिलं की माणूस तयार होत जातो आणि त्याच वेळी झिजतही जातो, हे त्या वेळी फार महागात कळलं.

मग शेर्पा वेगळे का?

हा प्रश्न तेव्हाच सगळ्यांच्या डोक्यात होता. सिल्व्हर हटमधल्या तुकडीत कोलकात्यात शिकलेले सुखमय लाहिरी होते. त्यांनी आणि जिम मिलेज यांनी १९६५ मध्ये शेर्पांच्या शरीरक्रियेवर निबंध प्रसिद्ध केला. निष्कर्ष उलटाच निघाला. उंचीवर नवखा माणूस धापा टाकतो, पण शेर्पाचा श्वास त्या मानाने कमी वाढतो.

मोठं इंजिन असेल तर जास्त हवा ओढेल, असं आपल्याला वाटतं. म्हणून शेर्पांचं रक्तही जास्त दाट असणार, असाच अंदाज होता. तिबेटी लोकांची मोजमापं झाली तेव्हा तोही चुकला. सुमारे ४,००० मीटरला राहणाऱ्या तिबेटी पुरुषांचं हिमोग्लोबिन सरासरी १५.६ निघालं, तर तेवढ्याच उंचीवरच्या दक्षिण अमेरिकेतल्या आयमारा पुरुषांचं १९.२. दाट रक्त म्हणजे जाड झालेलं ऑइल. पंपावर ताण येतो, गुठळ्यांचा धोका वाढतो.

२०१० मध्ये तिबेटी लोकांच्या जनुकांचा अभ्यास आला. 'ईपास-१' नावाच्या जनुकाचं एक वेगळं रूप त्यांच्यात फार मोठ्या प्रमाणात आढळलं. उंचीवर रक्त अवाजवी दाट होऊ न देण्याशी त्याचा संबंध आहे. २०१४ मध्ये कळलं, की जनुकाचं हे रूप डेनिसोव्हन या नामशेष मानवांकडून आलेलं आहे. शेर्पा मूळचे तिबेटातलेच, हा वारसा त्यांच्यातही आहे.

आणि २०१७ चा अभ्यास मला मेकॅनिकलवाला म्हणून सगळ्यात आवडला. एव्हरेस्ट बेस कॅम्पवर शेर्पांच्या आणि सपाटीवरच्या लोकांच्या मांडीच्या स्नायूंचे बारीक नमुने तपासले. शेर्पांच्या स्नायूपेशी मिळालेल्या ऑक्सिजनमधून ऊर्जा जास्त काटकसरीने काढत होत्या, आणि चरबी कमी जाळत होत्या. चरबीतून तेवढीच ऊर्जा काढायला ऑक्सिजन जास्त लागतो ना! उंचीवर राहून सपाटीवाल्यांच्या स्नायूंतला तात्काळ ऊर्जेचा साठा घटला, शेर्पांचा वाढला. आपल्या भाषेत सांगायचं तर सी.सी. वाढवलेली नाही, ॲव्हरेज सुधारलंय.

गावाचा प्रश्न

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं त्याकडे येतो. टोपी शिकागोला गेली, त्या काळात खुंबूत गलगंड घरोघरी होता. गळ्याला गाठ, आणि काही मुलं जन्मतः मतिमंद, मूकबधिर. कारण आयोडीनची कमतरता. बर्फ आणि पावसाने डोंगरातल्या मातीतलं आयोडीन धुऊन जातं, आणि तिबेटातून येणाऱ्या मिठातही ते जवळजवळ नसायचं. आईला आयोडीन मिळालं नाही तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते.

हिलरींनी शेर्पांना विचारलं, तुमच्यासाठी काय करू? उत्तर आलं, मुलांसाठी शाळा. कोलकात्याच्या इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने जोडून उभी करायची ॲल्युमिनियमची इमारत दिली. रेडक्रॉसच्या विमानाने ती मिंगबोच्या धावपट्टीवर आणली, आणि तिथून शेर्पांनीच पाठीवरून खुमजुंगला नेली. जून १९६१ मध्ये शाळा सुरू झाली. पहिले शिक्षक दार्जिलिंगहून आलेले शेर्पाच होते. शाळेच्या पहिल्या विद्यार्थ्यांतला मिंग्मा नोर्बू पुढे सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा पहिला शेर्पा वॉर्डन झाला.

१९६६ मध्ये खुंदेला छोटं हॉस्पिटल झालं आणि आयोडीनयुक्त तेलाची इंजेक्शनं द्यायला सुरुवात झाली. नव्या पिढीत ते जन्मजात मतिमंदत्व दिसेनासं होत गेलं. यात आपल्या देशाचाही संबंध आहे बरं का. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग करून दाखवला होता, आणि १९६२ मध्ये भारताचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मेसमधल्या मिठाच्या पुडीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं असतं ते त्यामुळेच. जेवताना एकदा वाचा.

मला इथे थांबावंसं वाटलं. त्याच गावात, त्याच माणसांत, दोन प्रकारचं विज्ञान पोचलं. एकाने टोपी तपासली, दुसऱ्याने गळा तपासला. दोन्ही शिस्तशीरच होती. पण दुसऱ्याचा प्रश्न गावाचा होता.

'शेर्पाला काय, सवय असते!'

हे वाक्य आपण किती सहज बोलतो! शेर्पांच्या पेशींचा अभ्यास वाचून तर ते आणखी सोपं होतं. त्यांचं शरीरच तसं आहे, मग त्यांना कसला त्रास? पण १८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळला आणि १६ नेपाळी कामगार गेले, त्यांत बहुतेक शेर्पा. ते शिखरावर झेंडा लावायला निघाले नव्हते. गिऱ्हाईकांचं सामान वर पोचवत होते, वाट तयार करत होते. ईपास-१ जनुक कोसळणाऱ्या बर्फापासून वाचवत नाही. त्यानंतर शेर्पांनी काम थांबवलं आणि विमा, भरपाई यांच्या मागण्या ठेवल्या. त्या वर्षी नेपाळच्या बाजूने एव्हरेस्टवर जवळजवळ चढाईच झाली नाही. कामी रिता शेर्पा मे २०२५ मध्ये ३१ व्यांदा एव्हरेस्टवर पोचले. हा विक्रम थोरच, पण तो रोजगाराचाही हिशेब आहे हे विसरू नये.

आपल्याकडे दरवर्षी एन.एस.एस.चा कॅम्प गावात जातो. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठीही आपण पाणी, चुली, रस्ते यांचा 'डेटा' गोळा करायला जातो. फॉर्म भरून घेतो, फोटो काढतो, रिपोर्टला स्पायरल बाइंडिंग करतो आणि सबमिशन झालं की मोकळे! त्या रिपोर्टची एक प्रत गावाला मराठीत द्यावी, हे आपल्या फॉरमॅटमध्ये कुठेच नाही.

म्हणून एक साधी सूचना करतो, सरांनी आणि मित्रांनी विचार करावा. पुढच्या कॅम्पच्या प्रश्नावलीत शेवटी दोन ओळी मोकळ्या ठेवूया : 'तुम्हाला आमच्याकडून काय मोजून हवंय?' उत्तर विहिरीतलं पाणी असेल, एस.टी. थांब्यापर्यंतचं अंतर असेल, किंवा शाळेच्या पत्र्याखाली मे महिन्यात होणारं तापमान असेल. थर्मामीटर आपल्या लॅबमध्ये पडून आहेत. प्रश्नावली टाइप करायचं काम मी घेतो, माझी रूम सी विंगला, दुसऱ्या मजल्यावर.